जैवसूचक (विषबाधेचे)

विषारी रसायनाशी शरीराचा आलेला संपर्क, त्यातून झालेला बदल किंवा व्यक्तीची मूळचीच प्रवणता दाखवणारी, रक्त, मूत्र, केस यांत मोजता येणारी खूण. संपर्कसूचक, परिणामसूचक आणि प्रवणतासूचक हे तीन वर्ग अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९८७ मध्ये मांडले. हवेतले वा पाण्यातले विष मोजून ते बाहेर किती आहे एवढेच कळते. श्वास, तोंड आणि त्वचा या तिन्ही वाटांनी आत किती शिरले, ते जैवसूचक सांगतो.

सर्वांत बोलके उदाहरण कोलीनएस्टरेजचे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके चेतासंस्थेतील ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर निकामी करतात. मग घाम व लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात आणि वेळीच उपचार न झाल्यास श्वास थांबतो. हेच विकर तांबड्या पेशींवरही असल्याने रक्त तपासून चेतासंस्थेच्या अवस्थेचा अंदाज बांधता येतो. या पेशी नवे विकर बनवू शकत नाहीत. नव्या पेशी येतील तसे, दिवसाला सुमारे १ टक्का, ते भरून निघते. त्यामुळे कित्येक आठवड्यांपूर्वीची बाधाही दिसू शकते.

अडचण अशी, की निरोगी माणसांतही या विकराची पातळी बरीच कमीजास्त असते. तुलना ज्याची त्याच्याशीच करावी लागते. म्हणून कॅलिफोर्नियात अशी कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगारांचे रक्त आधी तपासून ठेवतात. तांबड्या पेशींतील पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर उतरली, की त्या रसायनांशी संबंध येणारे काम थांबवले जाते. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. आज या शेतावर, उद्या त्या शेतावर रोजंदारीने पंप पाठीवर घेणाऱ्याचा असा आधीचा आकडा कुठून असणार? शिवाय पायरेथ्रॉइडसारख्या इतर कीटकनाशकांनी हे विकर घटत नाही, तेव्हा चाचणी ठीक आली म्हणून बाधा नाही असे ठरत नाही.

शिशासाठी रक्त तपासतात. मात्र रक्तातले शिसे काही आठवड्यांत ओसरते, हाडांतले दशकानुदशके राहते. केस महिन्याला साधारण १ सेंमी. वाढतात. इराकमध्ये १९७१-७२ साली मिथिल पारा चोळलेले बियाणे दळून त्याची भाकरी खाल्ली गेली, तेव्हा केसांचे तुकडे क्रमाने तपासून कोणत्या महिन्यात किती पारा शरीरात गेला याचा माग काढता आला. आर्सेनिकसाठी मूत्र पाहतात, पण आदल्या दिवशी समुद्राची मासळी खाल्लेली असेल तर एकूण आकडा फुगतो. मासळीतले सेंद्रिय आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असल्याने असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजावे लागते.