कल्ले उघडून पाहण्याची गोष्ट : कोसंबींचे तीन निबंध आणि आपली नियतकालिके

खारदांड्याच्या बाजारात मासळी घेणारे जुने गिऱ्हाईक कोळिणीच्या शब्दावर जात नाही. ते माशाचे कल्ले उघडून आतला लाल रंग पाहते, बोटाने मांस दाबते आणि मगच भाव विचारते. कोळिणीलाही या तपासणीचा राग येत नाही. न तपासता घेणाऱ्याविषयीच तिचे मत फारसे चांगले नसते. याच वस्तीत महिन्यातून एकदा जमणाऱ्या आमच्या लहानशा अभ्यासमंडळात अलीकडे एका प्रश्नावर दीर्घ चर्चा झाली. संशोधननिबंधाचे कल्ले उघडून पाहण्याचे काम कोणाचे, आणि ते झाले नाही तर नेमके काय बिघडते?

चर्चेस कारण आमच्यातच घडले होते. मंडळातील एका संशोधक मैत्रिणीचा कोळीगीतांवरील निबंध एका त्रैमासिकाकडे आठ महिने पडून होता. त्याच काळात तिच्या एका सहकाऱ्याचा निबंध पैसे भरल्यापासून चौथ्या दिवशी, 'तज्ज्ञपरीक्षित' असा शिक्का लावून, दुसऱ्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिची बाजू घेऊन बोलत असताना आमच्यापैकी दोघांना स्वतःचीच एक गोष्ट कबूल करावी लागली. आपण परीक्षक म्हणून एका निबंधावर, तो अर्धाच वाचून, 'प्रकाशनयोग्य' असे लिहून दिले होते. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. दोष केवळ 'त्या' नियतकालिकांत आहे असे म्हणणे मग शक्य राहिले नाही.

परीक्षणाची ही रीत दिसते तितकी प्राचीन नाही. लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गने १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा निवड मुख्यतः संपादकाच्या विवेकावर चाले. 'नेचर'सारख्या नियतकालिकाने बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी हा सरसकट नियम केला तो १९७३ साली. खुद्द आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरील निबंध १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू'ने परीक्षकाकडे पाठविला, तेव्हा तो रागावला आणि त्याने निबंध परत घेतला. पुढे चूक त्याच्या ध्यानात आली आणि निष्कर्ष बदलून तो निबंध दुसरीकडे छापला गेला. थोरांनाही वाचक लागतो, एवढाच या प्रसंगाचा अर्थ.

मात्र आपल्याला अधिक जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी साहित्याच्या विद्यार्थ्यांना भर्तृहरीचे संपादक म्हणून आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा होता, आणि त्यांच्या गणिती लेखनातील तीन निबंधांमध्ये परीक्षणाच्या नीतीचे तीन वेगवेगळे धडे दडलेले आहेत.

पहिला निबंध १९३१ सालचा. तो अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शीर्षकात 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'चे सामान्यीकरण असा उल्लेख होता आणि हा बूर्बाकी कोणी रशियन गणितज्ञ असल्याचे भासविले होते. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. त्या सुमारास अलीगढला असलेल्या आंद्रे वेय यांनी ही कल्पना सुचविली होती. कोसंबींना त्रास देणाऱ्या एका सहकाऱ्याची फजिती करावी, हा तिचा हेतू. काही वर्षांनी फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने 'निकोला बूर्बाकी' हेच टोपणनाव धारण केले आणि ते जगप्रसिद्ध झाले. अ‍ॅलन सोकलने १९९६ साली 'सोशल टेक्स्ट'मध्ये बनावट निबंध छापवून आणला त्याची चर्चा आपल्या वर्गांत आजही होते. त्याच्या पासष्ट वर्षे आधी हा प्रकार आपल्याकडे घडला होता. गंमत म्हणून तो वाचनीय आहे. परंतु संपादक लेखकावर विश्वास ठेवतो म्हणूनच अशी गंमत साधते, आणि त्या विश्वासाची किंमत पुढचा प्रत्येक प्रामाणिक लेखक मोजतो, हेही विसरता येत नाही.

दुसरा निबंध १९४३ सालचा. तो इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातील पद्धती पुढे काही वर्षांतच कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि जगभर ती त्या दोघांच्याच नावांनी ओळखली जाऊ लागली. निबंध योग्य जागी छापला गेला होता, मजकूर अस्सल होता; उणीव होती ती वाचकांची. याच्या उलट १९४४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये त्यांनी मांडलेले आनुवंशिकीतील सूत्र 'कोसंबी फलन' म्हणून आजही वापरात आहे. ते नियतकालिक त्या विषयातील जाणकारांच्या नित्य वाचनातले होते.

तिसरा निबंध सर्वांत दुःखदायक. १८५९ साली मांडलेले रीमानचे गृहीतक गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक; ते अद्यापही सिद्ध झालेले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ साली, संभाव्यतेच्या मार्गाने आपण तेथे पोहोचलो असा दावा कोसंबींनी केला. तो प्रसिद्ध झाला कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. अविभाज्य संख्यांवरील अशा युक्तिवादाची कसून तपासणी व्हावी, अशी ती जागाच नव्हती. युक्तिवाद टिकला नाही आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. त्यामागे हे प्रकरण होते असे म्हणतात, आणि अणुऊर्जेसंबंधी भाभांशी असलेल्या मतभेदांकडेही बोट दाखविले जाते. पुढे त्यांचे काही गणिती निबंध 'एस. डुक्रे' या टोपणनावाने आले.

येथे आम्हांला अडते ते असे. भर्तृहरीचा एकेक श्लोक शेकडो हस्तलिखितांच्या साक्षीवाचून न स्वीकारणारे कोसंबी आणि आपल्या सिद्धतेला सोपा दरबार शोधणारे कोसंबी ही एकच व्यक्ती आहे. १९४८ साली सिद्ध केलेल्या भर्तृहरीच्या चिकित्सक आवृत्तीत त्यांनी पाठभेद वाचकापुढे उघडे मांडले. ज्याला तपासायचे असेल त्याने तपासावे, असा त्या मांडणीचा अर्थ. म्हणजे नीती त्यांना ठाऊक नव्हती असे नव्हे. आपल्या सर्वांत लाडक्या कल्पनेच्या बाबतीत परीक्षक नकोसा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच परीक्षणाचे काम लेखकाच्या हाती सोपवून चालत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने याहून चांगला पायंडा घातला होता. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतल्यावर उत्गीकरांनी संपादिलेली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती १९२३ साली काढून ती विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली गेली. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सूत्रे हाती घेतली, कार्यपद्धती नव्याने आखली, आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. 'हे कच्चे आहे, चुका दाखवा' असे म्हणण्याचे धैर्य एका संस्थेने दाखविले होते. आज किती संस्था ते दाखवतील?

परीक्षकाची सत्ताही निर्दोष नसते, हेही नमूद केले पाहिजे. 'सत्यकथा'च्या संपादकांनी लेखकांना फेरलेखनासाठी पाठविलेली पत्रे हा आपल्या साहित्याचा ठेवा आहे. तरीही १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच नियतकालिकाची होळी केली. दारावर उभा असलेला माणूस कोणाला आत घेतो आणि कोणाला घेत नाही, हा प्रश्न त्या ज्वाळांनी विचारला होता. परीक्षण हवे, पण त्याची कारणे लेखी आणि उत्तर देता येण्याजोगी असावीत, एवढे त्यातून शिकता येते.

आता वर्तमानाकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि निबंधांची मागणी एकाएकी वाढली. आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक. आपल्याकडे तो गुणवत्तेचा शिक्का समजला जाऊ लागला. २०१७ साली आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तिच्यातील, विद्यापीठांनी सुचविलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी करून २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला : ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. २०१९ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने 'केअर' यादी आली. तिच्यातील नियतकालिकांची नावे चोरून बनावट संकेतस्थळे निघाली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादीही बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले, आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांकडे आली.

यादी गेल्याने अनेकांना निराधार वाटते आहे. आम्हांला वाटते, यादीने जे काम केल्याचा आव आणला ते काम यादी करूच शकत नव्हती. यादी वाचत नाही, माणूस वाचतो. साम्य मोजणाऱ्या संगणकीय चाचणीचेही तेच : इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर छापले, तर ते अनेकदा त्या चाचणीतून सहज निसटते. ते ओळखतो दोन्ही पुस्तके वाचलेला अध्यापक.

म्हणून त्या बैठकीत आम्ही स्वतःपुरते काही ठरविले. पूर्ण न वाचलेल्या निबंधावर सही करावयाची नाही. नकार द्यावयाचा तर कारणांसह, एका महिन्याच्या आत. आपल्या विद्यार्थ्याचा, मित्राचा किंवा वरिष्ठाचा निबंध आला तर तसे संपादकांना आधीच कळवून बाजूला व्हावयाचे. ज्या विषयात आपली गती नाही त्याचे परीक्षण स्वीकारावयाचे नाही. अर्धाच वाचून पसंत केलेल्या त्या निबंधाबद्दल आमच्या दोघा मित्रांनी संपादकांना पत्र पाठविले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

मैत्रिणीच्या निबंधावर मात्र नऊव्या महिन्यात अभिप्राय आला. चार पाने, हाताने लिहिलेली. दोन गीतांच्या पाठांविषयी शंका, एका निष्कर्षाला स्पष्ट विरोध. ती पाने तिने बैठकीत वाचून दाखविली. निबंध अजून छापून आलेला नाही, पण तो कोणीतरी पूर्ण वाचला आहे. ती आता पुन्हा दांड्यातल्या आजीबाईंकडे जाऊन त्या दोन गीतांचे पाठ तपासते आहे.