आउटपुट काय येईल?

सी भाषेत ‘आय++’ आणि ‘++आय’ ही दोन्ही पदे एकाच ‘प्रिंटएफ’मध्ये शेजारी लिहिली, तर त्यांतले आधी कोणते सोडवायचे हे भाषेने मुद्दामच ठरवलेले नाही. तरीही महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या वर्गांत आणि कॅम्पस मुलाखतींत ‘आउटपुट काय येईल?’ म्हणून हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला, आणि त्याला एकच बरोबर उत्तर असते असे धरले गेले.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ या संगणकावर सी घडवली. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातच या क्रमावर विसंबू नका असे बजावलेले आहे. पुढे सी निरनिराळ्या यंत्रांवर पोचली. प्रत्येक कंपायलर आपल्या यंत्राला सोयीचा क्रम निवडी, आणि १९८९च्या अमेरिकी मानकाने ती मोकळीक कायम ठेवली. फंक्शनच्या आर्ग्युमेंटांचा क्रम ‘अनस्पेसिफाइड’ ठरला. एकच व्हेरिएबल मध्ये सिक्वेन्स पॉइंट, म्हणजे आधीचे सगळे बदल पुरे झालेले असण्याचा टप्पा, न येता दोनदा बदलणे मात्र थेट ‘अनडिफाइन्ड’. तिथे कंपायलर काहीही करायला मोकळा. गुणाकार बेरजेच्या आधी, हा अग्रक्रमाचा नियम इथे कामाला येत नाही. कोणते पद कोणाशी जोडायचे एवढेच तो सांगतो, आधी कोणते सोडवायचे ते नाही. गोंधळाचे मूळ बहुतेकदा इथेच असते.

महाराष्ट्रातल्या वर्गांत, उदाहरणार्थ खानदेशात, हा प्रश्न आला तो कॉलेजांबरोबर. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, आणि सावदा या केळीच्या गावाला लागून असलेल्या फैजपुरातही असे कॉलेज झाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्या काळात राज्यभरच्या लॅबमध्ये डॉसवरचा, निळ्या स्क्रीनचा टर्बो सी हा कंपायलर असे आणि हातात बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. आर्ग्युमेंटे उजवीकडून डावीकडे जातात, हे त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शिकवलेले आहे. समोरच्या यंत्रापुरते ते खरेच होते.

त्याला कारणही होते. आर्ग्युमेंटे स्टॅकवर ठेवली जात. सावदा स्टेशनात वॅगनमध्ये शेवटी चढवलेली केळी दिल्लीत आधी उतरतात, तसाच स्टॅक. ‘प्रिंटएफ’ला पुढे किती आर्ग्युमेंटे आहेत हे पहिल्या स्ट्रिंगवरूनच कळते, म्हणून ती सर्वांत वर हवी, मग भरणे उजवीकडून. सोडवणेही त्याच ओघात उरकले जाई. ‘आय++’ जुनी किंमत देऊन मग एक वाढवतो, ‘++आय’ आधी वाढवून मग देतो. ‘आय’ ५ असताना ‘आय++, ++आय’ छापायला सांगितले, तर टर्बो सीमध्ये ६ ६ येई. जीसीसी हा कंपायलर सहसा ६ ७ देतो, क्लँग हा दुसरा कंपायलर ५ ७. यांतले एकही उत्तर चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही. चुकीचा आहे तो प्रश्न.

६४-बिट यंत्रांवर पहिली काही आर्ग्युमेंटे स्टॅकऐवजी रजिस्टरांतून जाऊ लागली आणि जुन्या उत्तराचा आधारच गेला. जीसीसीला ‘-वॉल’ हा पर्याय दिला की अशा ओळीवर इशारा मिळतो. जावाने सुरुवातीपासून डावीकडून उजवीकडे हा क्रम बांधून दिला. सीच्या २०११च्या मानकाने ‘सिक्वेन्स पॉइंट’ची भाषा बदलून नियम नव्याने मांडला, पण मोकळीक काढून घेतली नाही. सी++ने २०१७मध्ये असाइनमेंटसारख्या काही ठिकाणी क्रम पक्का केला. आर्ग्युमेंटांचा क्रम मात्र तिथेही कंपायलरवरच सोडलेला आहे.