घटाची विद्युत् चालक प्रेरणा आणि तापमान

विद्युत् प्रवाह वाहत नसताना घटाच्या दोन अग्रांमध्ये जो दाब असतो, त्याला विद्युत् चालक प्रेरणा म्हणतात. तापमान एका अंशाने बदलल्यास तो जितका बदलतो, तो त्या घटाचा तापमान गुणांक. हा गुणांक विक्रियेतील एंट्रॉपीच्या बदलावर ठरतो. इंधन घटात हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंचे द्रवरूप पाणी होते, म्हणजे एंट्रॉपी घटते. त्यामुळे 25° से.ला 1.229 व्होल्ट असणारा दाब दर अंशाला सुमारे 0.85 मिलिव्होल्टने उतरतो. शिसे-अम्ल घटात तो उलट सुमारे 0.2 मिलिव्होल्टने चढतो.

विक्रियेची सगळी उष्णता विजेत उतरते असे धरून विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी 1851 मध्ये डॅनियल घटाचा दाब काढला आणि तो जुळलाही. मात्र हा निव्वळ योगायोग होता, कारण त्या घटाचा गुणांक जवळजवळ शून्य आहे. गुणांक धन असलेला घट सावकाश वापरला तर परिसरातून उष्णता शोषतो, ऋण असलेला ती बाहेर टाकतो. हा हिशेब गिब्ज आणि हेल्महोल्ट्स यांच्या समीकरणाने बसला.

मापनशास्त्राला या फरकाचा मोठा जाच झाला. प्रमाण म्हणून वापरला जाणारा क्लार्क घट 15° से.ला 1.434 व्होल्ट देई. पण जस्त सल्फेटाची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने बदलत असल्याने त्याचा दाब दर अंशाला एका मिलिव्होल्टहून अधिक घसरे. एडवर्ड वेस्टन यांनी 1893 मध्ये जस्ताच्या जागी कॅडमियम घेतले. कॅडमियम सल्फेटाची विद्राव्यता फारशी बदलत नाही. त्यांच्या संतृप्त घटाचा दाब 20° से.ला 1.0183 व्होल्ट, तर गुणांक उणे 40 मायक्रोव्होल्टच्या आसपास. 1911 मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. मात्र हा लहान आकडा फसवा आहे: काचेच्या एच आकाराच्या पात्रातील एका नळीचा गुणांक सुमारे अधिक 310 आणि दुसरीचा उणे 350 मायक्रोव्होल्ट असून त्यांची ही वजाबाकी आहे. म्हणूनच प्रयोगशाळांत हे घट तेलाच्या स्थिरतापी कुंडात ठेवत, जेणेकरून दोन्ही नळ्या एकाच तापमानाला राहतील.

थंडीत मोटारीची बॅटरी इंजिन फिरवत नाही, त्याचे खापर मात्र या गुणांकावर फोडू नये. 30 अंशांच्या उतारात सहा घटांच्या बॅटरीची विद्युत् चालक प्रेरणा जेमतेम 0.04 व्होल्टने घटते. खरा अडसर अंतर्गत रोध वाढण्याचा आणि अग्रांवरील विक्रिया मंदावण्याचा असतो.