तसबिरीमागचे घरटे

ठाण्यात टेंभी नाक्यापासून मासुंदा तलावापर्यंतची जुनी वस्ती कौलारू घरांची होती. अशा घरात चिमणीला जागा शोधत फिरावे लागत नसे. तुळई आणि भिंत यांमधली सांदट, वाशाखालची फट, नाहीतर तिरक्या टांगलेल्या तसबिरीमागची पोकळी तिला पुरे. खाली पडलेल्या काड्या रोज झाडाव्या लागत, तरी पिल्ले उडून जाईपर्यंत तसबीर हलवायची नाही, हा घरोघरचा रिवाज. पक्षिनिरीक्षण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी घरातली माणसे अंडी कधी घातली, पिल्लू कधी बाहेर डोकावले, हे सारे बघत होती. फक्त ते कोणी लिहून ठेवत नव्हते.

घराबाहेर नजर असे ती कावळ्याच्या घरट्यावर. कावळ्याने कोणत्या झाडावर, किती उंच आणि फांदीच्या कोणत्या अंगाला घर बांधले यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिचा धागा थेट सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेपर्यंत जातो. अंदाज खरा ठरो न ठरो, त्यासाठी लागणारी नजर मात्र पक्की होती. कावळा वैशाख-ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर घरटे बांधतो, आणि कोकिळा त्याच घरट्यात आपले अंडे ठेवते, हे गावच्या माणसाला पुस्तकावाचून ठाऊक होते.

लेखी नोंदी एकोणिसाव्या शतकात वाढल्या आणि त्यांच्याबरोबर एक दुष्ट छंदही आला. हौशी साहेबलोक अंडी गोळा करून, टोचून, आतला बलक काढून पेट्यांत मांडत. अ‍ॅलन ह्यूम यांचा भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरचा ग्रंथ 1873 ते 1875 या काळात निघाला, तर लेफ्टनंट बार्न्स यांचे मुंबई इलाख्यातल्या पक्ष्यांवरचे पुस्तक 1885 मध्ये. त्या पेट्यांपायी असंख्य घरटी ओसाड पडली, हे विसरता येत नाही. पण कोणता पक्षी कोणत्या महिन्यात वीण घालतो, ही माहितीही त्याच नोंदींनी जपली.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. तिसरे एक संस्थापक एडवर्ड एटकेन जन्माने साताऱ्याचे, नोकरीने जकात व मीठ खात्यातले. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक 1900 साली आले. दुर्मीळ पक्ष्यामागे न धावता खिडकीतल्या कावळा-चिमणीकडे त्यांनी प्रेमाने पाहिले, आणि हीच दिशा पुढे सर्वांत फळली.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची पहिली नोंद चिमणीचीच आहे, 1906-07 मधली. तबेल्यातल्या भोकात मादी अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर राखण करणारा. लहानग्या सलीमने नराला छर्‍याच्या बंदुकीने मारले, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्या खिळ्यावर हजर. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले. आज ही नोंद वाचताना मन कळवळते, तरी प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळतो हे त्या लहान डोळ्यांनी टिपले होते.

1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहताना त्यांनी सुगरणीकडे महिनोन्महिने पाहिले. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणतो तो नर. तो अर्धा विणून थांबतो. मादी येऊन आतून पारखते. तिला पसंत पडला तरच तो खोपा पुरा होतो. मग नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. हे निष्कर्ष 1931 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. भातपात्यांच्या चिंध्यांनी विणलेले असेच खोपे कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या शिंदीवर आणि विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर पावसाळ्यात लोंबत असत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी यांना हात लावणे हीसुद्धा शिकार ठरवली. पेट्यांचा काळ संपला. दुर्बीण आणि वही राहिली. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी आपल्या पक्षिकोशात प्रमाण नावांबरोबर लोकांच्या तोंडची नावेही नोंदवली, त्यामुळे वहीत लिहायला शब्द मिळाले.

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, आज सर्वांना ठाऊक आहे. 2015 मध्ये खाडीत त्याच्यासाठी अभयारण्य झाले, 2022 मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. पण रोहित इथे पाहुणा. त्याची वीण कच्छच्या रणात होते, खाडीत त्याचे घरटे सापडत नाही.

घरटी आहेत ती गावात. कौले गेली, स्लॅब आले, तशी चिमणीची सांदट आक्रसली. साळुंकी पाइपच्या भोकात शिरली, पाकोळ्यांनी छज्ज्याखाली घरट्यांची रांग लावली, आणि वाळक्या फांदीत भोक पाडणारा तांबट जुन्या झाडांपुरता उरला. बुलबुल कुंडीत बसतो. शिंजीराची मादी तर कपडे वाळत घालायच्या तारेवरही कोळ्याच्या जाळ्याने काड्या, कापूस, कागदाचे कपटे चिकटवत पिशवी टांगते, आणि त्या घरात मग पिल्ले उडेपर्यंत ओले कपडे दुसऱ्या दोरीवर जातात.