खडकीच्या धुळीतून स्टुटगार्टपर्यंत

नांदेडच्या गुरू गोविंदसिंघजी सुवर्ण व रौप्य चषक स्पर्धेमुळे मराठवाड्याला हॉकी परकी नाही. हॉकीवर पोट भरेल का, हा पालकांचा प्रश्न मात्र कायम आहे. त्याचे एक उत्तर पुण्याजवळच्या खडकीत सापडते.

धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी तेथे झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. नवी स्टिक परवडत नसे. मोडक्या स्टिक दोरीने बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी ही भावंडे वसाहतीच्या धुळीत खेळली. थोरले बंधू रमेश मुंबईत 'आरसीएफ'कडून खेळत. त्यांनी धनराज यांना बोलावून घेतले. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. १९८९ मध्ये ते भारताकडून खेळले. त्यानंतर ४ ऑलिंपिक आणि ४ विश्वचषक.

१९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. बक्षीस काय? परदेश दौऱ्यांसाठी मानधन मागणाऱ्या धनराज यांच्यासह ७ ज्येष्ठ खेळाडूंना चक्क 'विश्रांती'! हे अधिकृत कारण फारसे कोणाला पटले नाही. सिडनी ऑलिंपिकला, २००० मध्ये, ते पुन्हा संघात होते.

परदेशी क्लबांनी मात्र त्यांच्या खेळाचे मोल जाणले. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लियाँ, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, ढाक्याचा अबाहनी अशा संघांकडून ते खेळले. भारतात प्रीमियर हॉकी लीग २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा मराठा वॉरियर्सचे धनराज ३६ वर्षांचे होते.