नामनिर्देशन (अमेरिकेतील लष्करी प्रबोधिन्या)

नामनिर्देशन ही अमेरिकेतील लष्करी प्रबोधिन्यांच्या प्रवेशप्रक्रियेतील एक कायदेशीर पायरी आहे. वेस्ट पॉइंट येथील भूदल प्रबोधिनी, ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनी, कॉलोराडो स्प्रिंग्जजवळील वायुदल प्रबोधिनी आणि किंग्ज पॉइंट येथील व्यापारी नौवहन प्रबोधिनी या संस्थांत प्रवेशासाठी नामनिर्देशन आवश्यक असते. तटरक्षक दलाच्या प्रबोधिनीला ही अट लागू नाही. नामनिर्देशन म्हणजे प्रवेश नव्हे. ते स्वीकारल्यामुळे संबंधित प्रबोधिनीत दाखल होण्याचे बंधन अर्जदारावर येत नाही.

नामनिर्देशनाचे अधिकार

बहुसंख्य नामनिर्देशने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांकडून होतात. प्रत्येक सिनेटर व प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सदस्याच्या वाट्याला भूदल, नौदल व वायुदल यांच्या प्रबोधिन्यांत एका वेळी प्रत्येकी 5 छात्रांच्या जागा असतात. जागा रिकामी झाली की तिच्यासाठी एकाहून अधिक नावे पाठविता येतात. सदस्य त्यांपैकी एकास प्रथम पसंती देऊन इतरांना पर्यायी उमेदवार ठरवू शकतो, किंवा क्रम न लावता निवड प्रबोधिनीवर सोपवू शकतो. उपराष्ट्राध्यक्षांनाही नामनिर्देशनाचा अधिकार आहे. सैनिकांच्या अपत्यांसाठी राष्ट्राध्यक्षांचे स्वतंत्र नामनिर्देशन असते.

एकच अर्जदार अनेक प्रबोधिन्यांकडे व अनेक अधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. त्यामुळे एकाहून अधिक नामनिर्देशने मिळणे शक्य असते.

नामनिर्देशन आणि नियुक्ती

नामनिर्देशित उमेदवाराची शैक्षणिक पात्रता, वैद्यकीय तपासणी व शारीरिक क्षमता चाचणी यांवरून प्रबोधिनी निर्णय घेते. पात्र ठरलेल्यांपैकी निवडक उमेदवारांनाच नियुक्तीचा, म्हणजे प्रत्यक्ष प्रवेशाचा, प्रस्ताव दिला जातो. अनेकांना नामनिर्देशन मिळूनही प्रवेश मिळत नाही.

नियुक्तीचा प्रस्ताव स्वीकारणे किंवा नाकारणे हा उमेदवाराचा स्वतंत्र निर्णय असतो. नामनिर्देशन मिळाल्यानंतर नागरी विद्यापीठाची निवड करणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर कारवाई होत नाही. मात्र जागा मर्यादित असल्यामुळे नकार वेळेवर कळविण्याला महत्त्व आहे. प्रथम पसंतीचा उमेदवार मौन बाळगून राहिल्यास त्याच जागेची वाट पाहणाऱ्या पर्यायी उमेदवाराचा निर्णय लांबणीवर पडतो. त्याला तोवर अन्य महाविद्यालयाची मुदत गाठावी लागते, किंवा ती सोडून द्यावी लागते.

सेवेची बांधिलकी

उन्हाळ्यात प्रबोधिनीत दाखल होताना छात्र शपथ घेतो व सेवेच्या करारावर स्वाक्षरी करतो. वयाने अज्ञान असलेल्या छात्राच्या करारास पालकांची संमती लागते. भूदल, नौदल व वायुदल यांच्या प्रबोधिन्यांत शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असून छात्रांना मासिक वेतनही मिळते. त्याच्या मोबदल्यात पदवीनंतर अधिकारी म्हणून किमान 5 वर्षे सक्रिय सेवा करावी लागते. राखीव दलातील काळ धरून एकूण बांधिलकी साधारणतः 8 वर्षांची असते.

तथापि, थेट नागरी जीवनातून आलेला छात्र पहिल्या दोन वर्षांत राजीनामा देऊन सेवेच्या बंधनाविना बाहेर पडू शकतो. तिसऱ्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभापासून स्थिती बदलते. त्यानंतर प्रबोधिनी सोडणाऱ्यास सैनिक म्हणून काही काळ सेवा करण्याचा आदेश मिळू शकतो, अथवा शिक्षणाचा खर्च परत करावा लागू शकतो. पूर्वी सैन्यात भरती झालेल्या छात्रांची आधीची सेवाबांधिलकी मात्र राजीनाम्याने संपुष्टात येत नाही. व्यापारी नौवहन प्रबोधिनीचे सेवानियम वेगळे असून त्यांत नौवहन क्षेत्रातील नोकरीचाही पर्याय आहे.

इतिहास

वेस्ट पॉइंटची प्रबोधिनी 1802 मध्ये स्थापन झाली. काँग्रेस सदस्यांच्या शिफारशीवरून छात्र घेण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली व 1843 च्या कायद्याने प्रत्येक मतदारसंघास एक छात्र असे प्रमाण ठरले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचे नाव 1839 मध्ये काँग्रेस सदस्य टॉमस हेमर यांनी सुचविले होते. ग्रँट यांना तेथे जाण्याची इच्छा नव्हती. वडिलांच्या आग्रहावरून ते गेले. त्यांचे मूळ नाव हायरम युलिसिस ग्रँट असताना हेमर यांनी ते ‘युलिसिस एस. ग्रँट’ असे नोंदविले व तेच नाव पुढे रूढ झाले. ड्वाइट आयझेनहॉवर यांना नौदल प्रबोधिनीत जायचे होते, परंतु वयोमर्यादेमुळे ते शक्य झाले नाही. कॅन्ससचे सिनेटर जोसेफ ब्रिस्टो यांच्या नामनिर्देशनावरून ते 1911 मध्ये वेस्ट पॉइंट येथे दाखल झाले.

भारतातील पद्धत

पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशासाठी लोकप्रतिनिधींचे नामनिर्देशन लागत नाही. तेथे संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, सेवा निवड मंडळाची मुलाखत व वैद्यकीय तपासणी यांच्या आधारे निवड होते.