सेनापती बापट आणि मुळशी सत्याग्रह : साधनविचाराचा प्रश्न

पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांनी कोणत्याही सैन्यात चाकरी केली नाही. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना मुळशीच्या लढ्याने दिली. पारनेर येथे जन्मलेले बापट शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेल्या भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या आत्मसात करून ते मायदेशी परतले. अशा क्रांतिकारकाने अहिंसक सत्याग्रहाचे नेतृत्व स्वीकारावे, हीच मुळशी प्रकरणातील लक्षणीय बाब होय.

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतले. त्यासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेण्यात आला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. तथापि जमिनीचे सावकार-मालक आणि ती कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते. सावकार नुकसानभरपाईच्या तडजोडीस अनुकूल होताच चळवळीचा पाया खचला.

त्यानंतर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी सशस्त्र अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. या कृतीस केवळ मूळ क्रांतिकारी वृत्तीचे पुनरागमन मानणे अपुरे ठरेल. सामूहिक बळ ओसरल्यावर उरलेला तो एकाकी प्रतिकार होता. धरण पूर्ण झाले, गावे बुडाली. ‘सेनापती’ या उपाधीच्या गौरवात सेना विखुरल्याचा हा इतिहास झाकला जाऊ नये.